तळाला नाणीच

"दादा, ह्या कॅटमध्ये काहीतरी आहे. कुणीही काटला तरी तळाला नाणीच येतात."

म्हापशातल्या आमच्या प्रेसमधून ताईंनी टॅरोचे, म्हणजे भविष्य सांगायच्या पत्त्यांचे, पन्नास कॅट छापून नेले होते. चित्रं त्यांची, मांडणी १९०९ च्या वेट-स्मिथ कॅटची: २२ मोठी पानं, मग काठ्या, पेले, तलवारी, नाणी, प्रत्येकी १४. प्रश्न विचारणाऱ्याने डाव्या हाताने काटायचं आणि तळाचं पान म्हणजे प्रश्नाचं मूळ, अशी त्यांची पद्धत. महिनाभर सगळ्यांच्या प्रश्नांचं मूळ पैशात निघत होतं. गिऱ्हाइकं खूश होती म्हणे.

पावसाळा होता, म्हणून आधी दमट हवेवर संशय घेतला. पण लॅमिनेशन दोन्ही बाजूंनी होतं. एकाच बाजूने केलं की पानं पापडासारखी वळतात, तसं काही नव्हतं. पाठीची नक्षी उलटसुलट सारखीच. शेवटी बारीक माप घ्यायचा व्हर्नियर लावला. ७२ पानं १२० मिलिमीटर, सहा पानं १२०.५.

तेरा-एकोणीस इंची शीटवर ७० बाय १२० मिलिमीटरची पानं ब्लीड, म्हणजे कापण्यासाठी कडेने सोडलेली जास्तीची छपाई, धरून बाराच बसतात. ७८ पानांना सात शीट, सातव्यावर फक्त सहा: नाण्यांची नव्वी, दश्शी, हुजऱ्या, घोडेस्वार, राणी, राजा. सातव्या शीटची चळत कापायची राहिली होती. मध्ये मुंजीच्या पत्रिका कापल्या आणि कटरचा गेज, म्हणजे कापायचं माप, पुन्हा लावला. जुन्या कटरच्या चाकाला ढिलाई असते. आकडा ओलांडला तर नुसतं उलट फिरवून भागत नाही. बरंच मागे जाऊन पुन्हा त्याच दिशेने आकड्यावर यावं लागतं. कटरवरच्या मुलाचा हात चांगला, पण जेवणाच्या वेळी त्याला घाई सुटते.

अर्धा मिलिमीटर डोळ्याला दिसत नाही, बोटांना लागतो. दोन टोकांना धरून गठ्ठा उचलला की बोटं लांब पानावर अडतात. उचललेल्या भागाच्या खाली तेच पान राहतं, उरलेला गठ्ठा वर ठेवला की ते तळाला जातं.

दुरुस्ती सोपी वाटली होती. सहा पानं छाटली तर गोल कोपरे बिघडतात. तेवढेच पुन्हा गोल केले तर तीच सहा वेगळी दिसतात. फक्त सातवं शीट नव्याने छापलं तर पाठीचा निळा रंग किंचित फिरतो, म्हणजे खुणेची पानंच झाली. अख्खे कॅट पुन्हा छापण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. एकतीस हरमलला विकून झाले होते, पाहुण्यांबरोबर कुठे कुठे गेले कोण जाणे. अठरा बदलून दिले. ताईंनी स्वतःचा मात्र बदलू दिला नाही.

"मशीन चुकलं, मान्य," त्या म्हणाल्या. "पण सातव्या शीटवर नेमकी नाणीच का?"

"फाइल तुम्हीच त्या क्रमाने पाठवलीत, ताई. नाणी शेवटी."

"तेच म्हणतेय मी."