किनाऱ्यावरचा वाद आणि सोसायटीची सभा

1857 सालच्या पहिल्या काही महिन्यांत मुंबईत बॅक बेच्या किनाऱ्यावर संध्याकाळी मोठी गर्दी जमत असे. विष्णुबुवा ब्रह्मचारी तेथे वेदोक्त धर्माचे मंडन करीत आणि जॉर्ज बोवेन व इतर मिशनरी त्यांचे खंडन करीत. हा वाद पुढे छापूनही निघाला. त्याचा निकाल दोन्ही पक्षांच्या लोकांनी आपापल्या सोयीने लावला असेल. मला मात्र या दोघांचे वादाबाहेरचे जीवन आणि विचार अधिक मोलाचे वाटतात.

बोवेन 1848 मध्ये अमेरिकेहून मुंबईत आले. थोड्याच काळात त्यांनी मिशनचा पगार नाकारला आणि 1888 मध्ये मृत्यू येईपर्यंत ते याच शहरात, येथल्या सामान्य लोकांच्या वस्तीत, अतिशय साधेपणाने राहिले. विष्णुबुवांनी 1867 मध्ये राज्यव्यवस्थेवर निबंध लिहिला. सर्व प्रजा हे एकच कुटुंब आहे, जमिनीचे उत्पन्न सर्वांच्या मालकीचे असावे आणि सामाईक कोठारातून प्रत्येकाने गरजेपुरते अन्न न्यावे, असे त्यांनी त्यात मांडले. मोक्षाविषयी या दोघांचे कधीच एकमत झाले नसते. पण उपाशी माणसाला दोघांपैकी कोणाच्याही दारात विन्मुख व्हावे लागले नसते, अशी माझी खात्री आहे.

धर्मचर्चा निरर्थक आहे असे मी म्हणत नाही. धर्मांतराच्या भीतीने अस्वस्थ झालेल्या त्या काळच्या हिंदूंना विष्णुबुवांच्या युक्तिवादाने मोठा धीर दिला असणार. तरीही वादाला बुद्धी आणि पाठांतर पुरते. तत्त्वाने जगायचे तर पैसा, सुख आणि कधी शेजाऱ्यांची मर्जीही सोडावी लागते.

आमच्या सोसायटीत एका सभासदाने आपली सदनिका मुसलमान दांपत्याला भाड्याने द्यायचे ठरवले आणि त्याला विरोध करणारा ठराव सभेपुढे आला, तेव्हा हे मला स्पष्ट दिसले. सर्व धर्मांचे सार एकच असल्याचे नेहमी सांगणारे गृहस्थ त्या सभेत गप्प बसले, आणि देव न मानणारे, समतेवर तासन्‌तास बोलणारे आमचे स्नेहीही गप्पच राहिले. बोलल्या त्या रोजची पूजा कधीही न चुकवणाऱ्या एक वयस्कर बाई. “करारनामा झाला, पोलिसांत नोंद झाली, मग त्यांना अडवणारे आपण कोण?” एवढेच त्यांनी विचारले. ईश्वर आहे की नाही, या प्रश्नावर त्यांचे आणि माझे मत अजिबात जुळत नाही, पण त्या संध्याकाळी त्याने काहीच अडले नाही. त्यांच्यामागे आणखी काहीजण बोलले आणि विरोधाचा ठराव बारगळला.

भाडेकरूच्या अर्जात धर्माचा रकाना मात्र अजून तसाच आहे. तो काढून टाकावा, असा लेखी प्रस्ताव त्या बाई आणि मी मिळून येत्या वार्षिक सभेपुढे ठेवणार आहोत.