कार्ड फॉरमॅट करण्याआधी

लग्न, मुंज किंवा सहल उरकली की कॅमेरा कपाटात जातो आणि फोटो कार्डातच राहतात. पुढच्या कार्यक्रमाला कार्ड भरलेलं निघतं. मग ‘जुने कुठेतरी कॉपी केलेले आहेत’ या भरवशावर घाईघाईत फॉरमॅट मारला जातो. चोरी, आग, पूर यांची भीती सगळ्यांना वाटते, पण वर्षानुवर्षांचे फोटो या एका बटणाने सहज जातात. म्हणून नियम एकच धरा: फोटो दोन वेगळ्या ठिकाणी पोचले आणि तिथे उघडून पाहिले, तरच कार्ड फॉरमॅट करायचं.

सुरुवात कार्ड विकत घेण्यापासून. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात रॉ (कॅमेऱ्याची न दाबलेली कच्ची फाइल) आणि जेपेग (नेहमीची, दाबून लहान केलेली) दोन्ही ठेवले तर एका फोटोला साधारण ३५ ते ४० एमबी लागतात. म्हणजे ६४ जीबीच्या कार्डात दीडेक हजार फोटो बसतात. एका दिवसाच्या कार्यक्रमाला ते पुरतं. एकच २५६ जीबीचं कार्ड घेण्यापेक्षा ६४ जीबीची दोन-तीन घ्या, एक बिघडलं तर सगळं जात नाही. पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहिलेला वेग बहुधा वाचण्याचा असतो, लिहिण्याचा नव्हे. कॅमेऱ्याला लिहिण्याचा वेग लागतो, त्यासाठी ‘व्ही३०’ ही खूण बघा. सलग लिहिताना वेग सेकंदाला ३० एमबीच्या खाली जाणार नाही, असा तिचा अर्थ.

नकली कार्डांचा सुळसुळाट आहे आणि ती ओळखू येत नाहीत, कारण ती पहिल्या दिवशी नीट चालतात. आत चिप लहान असते, पण कार्ड स्वतःची ओळख १२८ जीबी अशी करून देतं. खरी जागा संपली तरी कॅमेरा फोटो घेत राहतो, एररही दाखवत नाही. घरी आल्यावर यादीत सगळी नावं दिसतात, आकडेही बरोबर असतात, फक्त फाइल उघडत नाहीत. ते फोटो कधी साठलेच नव्हते, त्यामुळे कुठलंही सॉफ्टवेअर ते परत आणू शकत नाही. नवं कार्ड आणलं की विंडोजवर ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ किंवा मॅक-लिनक्सवर ‘एफ३’ हे मोफत सॉफ्टवेअर चालवा. ते कार्ड पूर्ण भरतं आणि लिहिलेलं परत वाचून ताडून बघतं. १२८ जीबीला दीड-दोन तास सहज जातात. कार्ड परत करायची मुदत संपायच्या आत हे उरका.

कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, लॅपटॉपवर नको. कॅमेरा आपल्याला हवी तशी फोल्डरची मांडणी करून घेतो. कार्डाशेजारचा दिवा लुकलुकत असताना दार उघडू नका, बॅटरीही काढू नका. त्या क्षणी फोटो लिहिला जात असतो आणि कुठला फोटो कुठे आहे याची यादीही बदलत असते. ती यादी अर्धवट राहिली तर एक फोटो नाही, अख्खं कार्ड ‘वाचता येत नाही’ म्हणून बसतं.

कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर आहे का तेही बघा. बॅटरी बरेच महिने बाहेर राहिली की ते मागे जातं. लग्नात दोन कॅमेरे असतील तर सकाळीच दोन्हींची वेळ मिनिटापर्यंत जुळवून घ्या, नाहीतर अल्बम लावताना अक्षता आधी आणि सीमांतपूजन नंतर येतं. फाइलचा क्रमांक ९९९९ झाला की पुन्हा ०००१ पासून सुरू होतो. म्हणून सगळे फोटो एकाच फोल्डरमध्ये ओतत गेलात तर कधीतरी ‘रिप्लेस करू का?’ असा प्रश्न येतो, आणि घाईत ‘हो’ म्हटलं की जुना फोटो गेला. प्रत्येक कार्यक्रमाचं फोल्डर वेगळं ठेवा, नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग प्रसंग. फोल्डर आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम, कार्डातून लॅपटॉपवर. कार्ड रीडर वापरा, म्हणजे मध्येच कॅमेऱ्याची बॅटरी संपायची धास्ती नाही. कॉपी करा, कट कधीही करू नका. कट करताना वायर हलली तर काही फाइल इकडे, काही तिकडे आणि एखादी कुठेच नाही, अशी गत होते. कॉपी झाल्यावर दोन्हीकडचे फाइलचे आकडे आणि एकूण बाइट ताडून बघा. राहिलेली फाइल त्यात कळते, पण खराब झालेली कळत नाही. त्यासाठी विंडोजवर ‘टेराकॉपी’ या कॉपी करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘व्हेरिफाय’ चालू ठेवा. ते दोन्ही प्रती पुन्हा वाचून जुळवतं. वेळ जवळजवळ दुप्पट लागतो, तो द्यावा.

दुसरी प्रतही थेट कार्डावरूनच बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. लॅपटॉपवरून घेतली आणि पहिली प्रत सदोष असेल, तर तोच दोष दुसरीतही उतरतो. मग सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे काही फोटो पूर्ण आकारात उघडा. छोट्या चित्रावर विसंबू नका. फोटोच्या फाइलमध्ये ते छोटं चित्र वेगळं साठवलेलं असतं, त्यामुळे यादीत नवरा-नवरी छान हसताना दिसतात आणि उघडल्यावर हनुवटीखाली नुसता करडा पट्टा असतो. कॉपी अर्धवट झाल्याची ही खूण. कार्ड अजून फॉरमॅट केलेलं नसेल तर काहीच बिघडलेलं नाही, पुन्हा कॉपी करा.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१चा नियम घरालाही लागू पडतो: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. कॅमेऱ्याच्याच बॅगेत ठेवलेली डिस्क ही वेगळी प्रत धरू नका, चोर बॅग अख्खी नेतो. घराबाहेरच्या प्रतीसाठी सोपा उपाय म्हणजे दोन डिस्क: एक आपल्याकडे, एक भावाकडे किंवा गावी. गणपती-दिवाळीला जाताना अदलाबदल करायची. डिस्क लॅपटॉपला कायम जोडून ठेवू नका. खंडणीखोर व्हायरस आला तर जोडलेली डिस्कही तो कुलूपबंद करतो. काम झाल्यावर ‘इजेक्ट’ करून मगच वायर काढा. कपाटात वर्षानुवर्षं ठेवायच्या प्रतीसाठी आमचं मत अजूनही फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कच्या बाजूने आहे. एसएसडी, म्हणजे चिपवर साठवणारी डिस्क, पडली-आपटली तर टिकते, पण विजेशिवाय दीर्घकाळ पडून राहिली तर तिच्यातला विद्युतभार हळूहळू कमी होऊन मजकूर जाऊ शकतो. हार्ड डिस्कही दोन-तीन महिन्यांनी लावून थोडा वेळ चालवा.

क्लाउडबद्दल गैरसमज फार आहेत. गुगल फोटोजमध्ये १ जून २०२१पासून नवे फोटो १५ जीबीच्या मोफत जागेत मोजले जातात आणि त्याच जागेत जीमेल आणि ड्राइव्हही असतं. ‘स्टोरेज सेव्हर’ निवडलं तर फोटो दाबून लहान होतात आणि १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठे तेवढ्यावर आणले जातात. मूळ प्रत हवी तर ‘ओरिजिनल’च ठेवा. फोनमधली जागा मोकळी करायला ॲपमध्ये फोटो डिलीट केला तर तो क्लाउडवरूनही जातो. बॅकअप झालेला फोटो ट्रॅशमध्ये ६० दिवस सापडतो, पुढे नाही. नुसती जागा हवी असेल तर ‘फ्री अप स्पेस’ हा पर्याय वापरा. आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर फोटो आहेत म्हणजे ते जपलेले आहेत असं समजू नका. तिथे फोटो लहान होतो आणि त्यातली तारीख-वेळेची नोंदही निघून जाते. पाठवायचाच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

कोकण, गोवा, मुंबई इथे जून ते सप्टेंबर कॅमेऱ्याचा खरा शत्रू सर्द हवा आहे. हवेतली आर्द्रता दीर्घकाळ ६०-७० टक्क्यांच्या वर राहिली की लेन्समध्ये बुरशी धरते. लेन्सच्या एका टोकातून टॉर्च मारून दुसरीकडून बघितलं तर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसतात. ती काचेवरचा लेप खाते, मग साफ करूनही डाग राहतो. चामड्याचं कव्हर ओल धरून ठेवतं, त्यात कॅमेरा ठेवू नका. झाकणाला रबर असलेला हवाबंद डबा, पाव किलो सिलिका जेल (ओल शोषणारे खडे) आणि एक छोटा आर्द्रतामापक एवढं पुरतं. काटा ४० ते ५०च्या दरम्यान राहू द्या. निळं जेल गुलाबी झालं की सादळलं. निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, ते विषारी आहे. घरात मुलं असतील तर नारिंगीतून हिरवं होणारं घ्या. सादळलेलं जेल ११०-१२० अंशांवर दोनेक तास तापवलं की पुन्हा कामाला येतं, मात्र त्याचं भांडं स्वयंपाकात वापरू नका. कार्डं आणि डिस्कही त्याच डब्यात ठेवल्या तर जोडण्या गंजत नाहीत. फक्त घराबाहेरची प्रत घराबाहेरच असू द्या.

एवढं करूनही चुकून फॉरमॅट झालंच, तर पहिलं काम कार्ड कॅमेऱ्यातून काढणं. कॅमेऱ्यातल्या साध्या फॉरमॅटमध्ये बहुधा फक्त यादी पुसली जाते, फोटो जागेवर असतात. पण त्यानंतर काढलेला प्रत्येक नवा फोटो जुन्यांवर बसतो. काही कॅमेऱ्यांत यादीबरोबर फोटोही पुसणारा ‘लो लेव्हल फॉरमॅट’ असतो, तो केला असेल तर आशा कमी. कार्ड रीडरमध्ये लावा. लॅपटॉप ‘फॉरमॅट करू का?’ विचारेल, तेव्हा नाही म्हणा. ‘फोटोरेक’ हे मोफत सॉफ्टवेअर चालवा आणि सापडलेले फोटो लॅपटॉपच्या डिस्कवर घ्या, त्याच कार्डावर कधीही नाही. मूळ नावं परत मिळत नाहीत, पण तारीख-वेळ फोटोच्या आत असते, तिच्यावरून क्रम लावता येतो. कार्ड रीडरला दिसतच नसेल, गरम होत असेल किंवा वाकलेलं असेल, तर घरी पुन्हा पुन्हा लावून बघू नका. डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेत द्या आणि खर्चाचा अंदाज आधी लेखी मागा.