वरून सगळ्या सारख्याच

कर्नाळ्याला मी पक्ष्यांसाठी जायचो. पनवेलच्या पुढे, मुंबई-गोवा महामार्गाला चिकटूनच १९६८ पासूनचं हे अभयारण्य, त्यामुळे ट्रकच्या हॉर्नमधून शीळकरी कस्तुराची शीळ वेगळी काढायची कानाला सवय झालेली. ती एकदा ओळखू आली की पक्षी दिसला नाही तरी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद होते.

गेल्या जुलैत तिबोटी खंड्यासाठी ओढ्याकाठी दीड तास बसलो. तो काही आला नाही. मग समोरच्या कुजक्या ओंडक्यावरच्या अळंब्यांचेच चाळीस फोटो काढले नि आयनॅचरलिस्टवर, म्हणजे फोटोवरून जीव ओळखायला मदत करणाऱ्या संकेतस्थळावर, चढवले. दोन दिवसांनी कुणीतरी विचारलं, खालचे पापुद्रे कुठायत? दांडा? लाकूड कशाचं? वरून सगळ्या सारख्याच दिसतात म्हणे. चाळिसांतल्या एकाही फोटोत यातलं काही नव्हतं.

अभयारण्यातली अळंबी उपटायची नाही, हे बरंच आहे. मग दाताच्या डॉक्टरांकडे असतो तसला छोटा आरसा आणला. चिखलात पालथं पडायचं, आरसा अळंबीच्या छत्रीखाली सरकवायचा आणि आरशातला फोटो काढायचा. पहिल्या फोटोत माझंच नाक आलं. आकार कळावा म्हणून शेजारी एक रुपयाचं नाणं; ते दोनदा तिथंच विसरलो.

अळंबी ओळखायला तिच्या बीजाणूंचा, म्हणजे पापुद्र्यांतून झडणाऱ्या भुकटीचा, रंगही लागतो. हा बीजाणूंचा ठसा घ्यायला मात्र सोसायटीच्या हिरवळीवर शिकलो. तिथं पावसात ताटलीएवढ्या पांढऱ्या छत्र्या उगवतात. दांडा कापून छत्री पापुद्र्यांच्या बाजूने कागदावर ठेवायची. कागद अर्धा पांढरा, अर्धा काळा हवा, कारण पांढरे बीजाणू पांढऱ्यावर दिसत नाहीत. वर वाटी पालथी घालून रात्रभर सोडायचं.

तळमजल्यावरच्या काकू तोवर पिशवी घेऊन आलेल्या. "अरे, आमच्या गावची अळंबीच ही!" सकाळपर्यंत थांबा म्हटलं तर रुसल्या. सकाळी कागदावर मळकट हिरवा ठसा होता. क्लोरोफायलम मॉलिब्डाइट्स! खाल्ली तर काही तासांत उलट्या-जुलाब. काकूंच्या गावची अळंबी वाळवीच्या वारुळातून वर येते आणि तिचा ठसा फिकट गुलाबी पडतो. कागद दाखवल्यावर काकू गप्प झाल्या, पण पिशवी काही त्यांनी लगेच घडी केली नाही.

ओंडक्यावरच्या अळंब्यांची ओळख अजून मॅरास्मियस या वंशनामापाशीच (जीनस) अडली आहे, आरसा असूनही. काकू मात्र दर पावसाला कुठली ना कुठली छत्री बघून मला व्हॉट्सअ‍ॅप करतात, "ही चालेल का?" फोटो सगळे वरून काढलेले.