जेवणाच्या टेबलामागे वाळत घातलेले कपडे

जेवणाच्या टेबलामागची भिंत शेवटी 'पान्नी अल सोले'ला दिली. उन्हात वाळत घातलेले कपडे, विषय बस एवढाच! इटालियन चित्रकार जुझेप्पे पेल्लिझ्झा दा वोल्पेदो, चित्र १८९४-९५ चं. घरात धुण्याचं चित्र कशाला लावायचं असं विचारतात लोक, पण घर ज्या कामावर चालतं ते काम भिंतीवर का नसावं?

इटलीच्या खेड्यातली गोड गोड चित्रं प्रिंटमध्ये ढिगाने मिळतात, गुबगुबीत पोरं, हसरी आजी, चुलीवर पातेलं, आणि खरं सांगते, ती रोज बघायला लागली की त्यातलं हसू खोटं वाटायला लागतं. पेल्लिझ्झाचं तसं नाही होत. तो उत्तर इटलीतल्या पिएमोंते प्रांतातल्या वोल्पेदो गावचाच, जन्म १८६८ चा, मिलान, रोम, फ्लॉरेन्सला शिकून परत गावातच येऊन राहिला. 'इल क्वार्तो स्तातो' हे १९०१ चं कामगारांचं प्रचंड मोठं चित्र त्याचंच, त्यात पुढे बाळाला कडेवर घेऊन चाललेल्या बाईसाठी त्याची बायको तेरेसा मॉडेल होती. कष्टाची माणसं त्याच्या घरातली, शेजारची होती, लांबून बघायला आलेला नव्हता तो.

आता प्रिंटचं. हे डिव्हिजनिझमवालं चित्र आहे, म्हणजे रंग आधी पॅलेटवर कालवून घ्यायचे नाहीत, वेगवेगळ्या रंगांचे बारीक फटकारे शेजारीशेजारी ठेवायचे आणि ते मिसळायचं काम लांबून बघणाऱ्याच्या डोळ्यांनी करायचं. त्यामुळे ए-फोर साइजचा प्रिंट अजिबात घेऊ नका, फटकारे दिसतच नाहीत आणि ते ऊन पार मरतं. मोठा घ्या, मॅट पेपरवर, आणि समोर खिडकी असेल तर साधी काच नको, नुसती खिडकीच दिसत राहते. दोन-तीन पावलं मागे सरकून बघता येईल अशी भिंत हवी, म्हणून पॅसेज बाद. वर पिवळा बल्बही नको, निळ्या छटा सगळ्या मातकट होतात. चौकोनी फ्रेममध्ये बसावं म्हणून कडा कापून देतात काहीजण, ते तर मुळीच चालवून घेऊ नका, चित्र आडवं आहे ते आडवंच राहू दे.

ओरिजिनल खाजगी संग्रहात आहे, म्हणजे म्युझियममध्ये जाऊन कधीही बघता येईल असं नाही, त्यामुळे प्रिंटवर थोडे जास्त पैसे गेले तरी मला वाईट वाटलं नाही. वोल्पेदोला त्याचा स्टुडिओ मात्र जपून ठेवलाय, तिथे एकदा जायचंच आहे मला.