ऑसेलारिस क्लाउन आणि अमोनियाचा फटका : दिवस १ ते ९

ऑसेलारिस क्लाउन हा खाऱ्या पाण्यातला छोटा मासा. त्याचा टँक २०० लिटरचा. रॉक आणि वाळूची जागा वजा केली तर पाणी १६५ लिटर. सगळे डोस याच आकड्यावर.

दिवस १
मासा पॉवरहेडशेजारी (पाणी खेळतं ठेवणारा पंप), पाण्याच्या अगदी वरच्या थरात. तोंड उघडं, कल्ल्यांची कड लालभडक. १५ सेकंदांत कल्ले ३६ वेळा हलले, म्हणजे मिनिटाला १४४. अमोनिया १.० पीपीएम, पीएच ७.८, तापमान २६ अंश, ग्रॅव्हिटी (पाण्याच्या खारटपणाचं माप) १.०२५. फिल्टरचे स्पंज आणि सिरॅमिक रिंग्ज एकाच वेळी नळाखाली धुतले गेले होते. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने अमोनिया पचवणारे जिवाणू मेले. रॉकमागे एक मेलेली गोगलगायही निघाली.

अशा वेळी हात आधी बादलीकडे जातो, आणि तिथेच घात होतो. पीएच कमी असताना बराचसा अमोनिया अमोनियमच्या रूपात असतो, तो माशाला फारसा बाधत नाही. पीएच ७.८ वरून ८.२ झाला की विषारी भाग जवळपास अडीचपट होतो. अर्धं पाणी बदलून अमोनिया निम्म्यावर आणला आणि नव्या पाण्याने पीएच तिथवर चढला, तर विष आधीपेक्षा वाढलेलंच! म्हणून आधी अमोनिया बांधणारा कंडिशनर, मग पाणी, तेही थोडं थोडं: सकाळी २५ लिटर, संध्याकाळी २५. दर २५ लिटरला साधारण ९०० ग्रॅम मीठ, आरओ-डीआय (गाळून क्षार काढलेल्या) पाण्यात आदल्या दिवशी पंप आणि हीटर लावून मिसळलेलं. ग्रॅव्हिटी आणि तापमान जुळल्याशिवाय ओतायचं नाही.

पॉवरहेडचं तोंड वर वळवून पृष्ठभाग खळबळता ठेवला. दिवे बंद, खाणं बंद.

झिओलाइट (अमोनिया शोषणारं खनिज) खाऱ्या पाण्यात जवळपास निकामी, सोडियमच त्याच्या जागा अडवतो. कार्बन अमोनिया ओढत नाही.

दिवस २
बाटलीतले जिवाणू टाकले. स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) आणि यूव्ही (जंतू मारणारा दिवा) तेवढ्यापुरते बंद. धाप बघून वेल्व्हेट या परजीवी रोगाची शंका येते. टॉर्च तिरपा धरून पाहिलं, अंगावर सोनेरी भुकटी नाही. म्हणून त्यावरचं औषध, तांबं, टाकलं नाही, आणि कंडिशनर पडलेल्या पाण्यात तर ते टाकूच नये. तिथे ते जास्त विषारी होतं.

दिवस ३
अमोनिया ०.५, श्वास ११२. सॅलिसिलेट किट (अमोनिया असेल तर हिरवा रंग दाखवणारी चाचणी) बांधलेला अमोनियाही मोजतो, त्यामुळे कंडिशनरनंतर नुसत्या हिरव्या रंगावर जाऊ नका, कल्ले मोजा. नायट्राइट (जिवाणू अमोनियापासून बनवतात तो) १.० झाला, पण खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड त्याला कल्ल्यांतून फारसं आत शिरू देत नाही. त्यासाठी धावपळ नको.

दिवस ५
अमोनिया ०.२५, श्वास ९६. मासा खाली उतरला. वितळवून गाळलेले चार मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव, गोठवलेले) दिले, तीन खाल्ले. चौथा लगेच नळीने ओढून काढला.

दिवस ९
अमोनिया शून्य, पीएच ८.१, श्वास ८४. कल्ल्यांची लाली ओसरली. शेपटीच्या टोकाला मात्र पांढरी झालर दिसते आहे. ती आत सरकली तर जिवाणूंचा संसर्ग समजून अँटिबायोटिक द्यायचं, पण वेगळ्या टाकीत, कारण मुख्य टँकमध्ये ते नुकत्याच बसलेल्या जिवाणूंनाच मारेल. त्या टाकीला मुरलेला (जिवाणू वसलेला) फिल्टर नसतो, त्यामुळे तिथे अमोनिया रोज तपासायचा.