ढोल-ताशांचा ट्रेलर आणि त्याची चार चाकं

पुण्यात मिरवणुकीसाठी टेम्पो सांगितला की तो ड्रायव्हरसकट दारात येतो. त्याच्या टायरची अवस्था काय आहे, हे पथकातलं कुणी वाकून बघत नाही. अमेरिकेत तसला टेम्पो मिळत नाही. इथल्या महाराष्ट्र मंडळांचे आणि ढोल-ताशा पथकांचे स्वतःचे बंद ट्रेलर असतात: पत्र्याचा चौकोनी डबा, मागे दरवाजा, खाली दोन एक्सल आणि चार चाकं. कुणातरी सभासदाच्या पिकअपच्या मागे तो जोडायचा आणि निघायचं. टेम्पोवाल्याची सगळी काळजी मग मंडळाच्या गळ्यात पडते, आणि त्यातली सगळ्यात दुर्लक्षित काळजी म्हणजे टायर.

सुरुवात वजनापासून. ढोलांमुळे ट्रेलर जड होतो, हा पहिला गैरसमज. एक ढोल दहा-बारा किलोचा धरला तरी पन्नास ढोलांचे सहाशे किलो, म्हणजे तेराशे पौंडांच्या आसपास. ढोल जागा खातात, वजन नाही. खरं वजन असतं मखराच्या प्लायवूडचं, स्टेजच्या तुकड्यांचं, जनरेटरचं, साउंडच्या पेट्यांचं आणि ‘असू दे, लागेल’ म्हणून आत टाकलेल्या घडीच्या खुर्च्यांचं.

ट्रेलरच्या डाव्या अंगाला, पुढच्या भागात एक स्टिकर असतो. त्यावर ‘जीव्हीडब्ल्यूआर’ लिहिलेलं असतं, म्हणजे डबा आणि माल मिळून जास्तीत जास्त वजन. वीस फुटी ट्रेलरवर हा आकडा बरेचदा 9,990 पौंड दिसतो. बाटाच्या किमतीसारखा वाटणारा हा आकडा मुद्दाम ठेवलेला असतो, कारण 10,001 पौंडांपासून व्यावसायिक वाहनांचे संघीय नियम लागू होण्याचा प्रश्न येतो. त्याच स्टिकरवर टायरचा साइझ, रिमचा साइझ आणि हवेचा दाबही छापलेला असतो. टायरच्या दुकानात जाण्याआधी मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवावा.

आता हिशेब. भरलेला ट्रेलर 9,990 पौंड. त्यातला दहा टक्के भार, साधारण हजार पौंड, पुढच्या दांड्यावरून पिकअपवर जातो. उरले 8,990. चार टायरांत वाटले तर प्रत्येकी 2,248. अशा ट्रेलरला कारखान्यातून बरेचदा एसटी225/75आर15 साइझचे, ‘लोड रेंज डी’चे टायर येतात. यातले 225 म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, 15 म्हणजे रिमचा व्यास इंचांत, आणि लोड रेंज म्हणजे भार पेलण्याची श्रेणी: अक्षर जितकं पुढचं, तितकी क्षमता जास्त. त्यांची क्षमता 65 पीएसआय (हवेचा दाब, दर चौरस इंचाला इतके पौंड) हवेवर 2,540 पौंड. कागदावर बारा टक्के शिल्लक दिसते आणि सगळे खूश होतात.

पण भार चार चाकांवर सारखा पडतो, हे कोण सांगतं? जनरेटर आणि साउंडच्या पेट्या डाव्या भिंतीला, उजवीकडे हलके ढोल, अशी मांडणी झाली आणि डावीकडे फक्त 55 टक्के वजन गेलं, तरी त्या बाजूच्या दोन टायरांवर प्रत्येकी 2,470 पौंड येतात. शिल्लक तीन टक्क्यांवर आली. एक टायर थोडा कमी हवेचा असला की तीही संपली. म्हणून त्याच साइझमध्ये ‘लोड रेंज ई’ घ्यावा. त्याची क्षमता 80 पीएसआयवर 2,830 पौंड. सरासरी भार धरला तर क्षमतेतले वीस टक्के मोकळे राहतात आणि किमतीतला फरक मखराच्या फुलांच्या खर्चापेक्षाही कमी असतो. या जागी काटकसर करू नये.

वजनाचा अंदाज घेण्यापेक्षा काटा करावा. हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर ‘कॅट स्केल’ नावाचे वजनकाटे असतात. पंधरा डॉलरच्या आसपास खर्च येतो आणि पिकअपचे एक्सल व ट्रेलरचे एक्सल यांची वजनं वेगवेगळी लिहिलेली पावती मिळते. पूर्ण भरलेला ट्रेलर वर्षातून एकदा तरी त्यावर उभा करावा.

एक्सल कशावर बसलेत, हेही वाकून बघा. पाट्यांवरचे (लीफ स्प्रिंगचे) एक्सल असतील तर दोन पाट्यांच्या मधला डोलणारा तुकडा पुढच्या-मागच्या चाकांत भार वाटून देतो. रबरी दांड्यांचे टॉर्शन एक्सल असतील तर ही वाटणी होत नाही. पिकअप उंच असला आणि ट्रेलरचं नाक वर राहिलं की मागच्या दोन टायरांवर भलताच बोजा येतो. मागचेच टायर वारंवार जात असतील तर टायरच्या कंपनीला शिव्या देण्याआधी ट्रेलर सपाट जमिनीवर जोडून बाजूने बघावा. पिकअपच्या मागचा, ट्रेलर ज्यावर अडकतो तो हिचचा गोळा दोन-तीन इंच खाली घेतल्यावर रोग बरा होतो.

टायरच्या अंगावरची अक्षरं वाचायला सोपी आहेत. सुरुवातीला ‘एसटी’ असेल तर तो खास ट्रेलरचा, ‘एलटी’ म्हणजे हलक्या ट्रकचा, ‘पी’ म्हणजे मोटारीचा. पी टायर जड ट्रेलरला लावूच नयेत. त्यांच्या बाजू मऊ असतात, आणि ट्रेलरवर लावले तर छापलेल्या क्षमतेला 1.1 ने भागायचं असा नियमच आहे.

एसटीच्या बाजू कडक का असतात, हे बघायचं असेल तर रिकाम्या पार्किंगमध्ये ट्रेलर अगदी कमी जागेत वळवायला सांगा आणि स्वतः बाहेर, चाकांपासून हातभर लांब उभे राहा. चाकं वळतात तशी पुढची जोडी एका दिशेला आणि मागची उलट दिशेला फरपटते. टायरचा तळ डांबराला चिकटून राहतो, रिम मात्र बाजूला सरकतो. मधल्या रबराला पीळ बसून त्याचं पोट रिमबाहेर येतं, डांबरावर कर्रकर्र आवाज होतो आणि काळे अर्धगोल उमटतात. ट्रकच्या टायरला असला छळ सोसावा लागत नाही. आतले स्टीलच्या तारांचे पट्टे एकमेकांपासून सुटायला लागतात ते अशा वळणांवर. हायवेवर टायर फुटतो तेव्हा त्याची सुरुवात अनेकदा शाळेच्या पार्किंगमध्ये झालेली असते. म्हणून वळण जमेल तितकं मोठं घ्यावं.

एसटी की एलटी, हा वाद इथल्या ट्रेलरवाल्यांत कधी मिटत नाही. एलटी225/75आर16, लोड रेंज ई, 80 पीएसआयवर 2,680 पौंड उचलतो. जवळपासच्या मापाचा एसटी त्याहून जास्त उचलतो, पण हा मोठा आकडा ताशी 65 मैलांचा वेग गृहीत धरून दिलेला आहे. शिवाय एलटीला कमी हवेत पळवून बघण्याची सरकारी चाचणी द्यावी लागते, एसटीला ती नाही. सोळा इंची रिम आणि पुरेशी जागा असेल, ट्रेलर दरवर्षी हजारो मैल पळत असेल तर एलटीचा विचार जरूर करावा. मंडळाच्या ट्रेलरला, जो वर्षातले दहा महिने उभाच असतो, चांगल्या कंपनीचा एसटी ई पुरतो. एसटीच्या रबरात ऊन आणि ओझोन सोसणारी द्रव्यंही जास्त घातलेली असतात, आणि उभ्या ट्रेलरला त्याचीच गरज असते.

वेगमर्यादेचं अक्षर साइझच्या ओळीत शेवटी असतं: ‘जे’ म्हणजे ताशी 62 मैल, ‘के’ 68, ‘एल’ 75, ‘एम’ 81, ‘एन’ 87. अक्षरच नसेल तर 65 मैल ही मर्यादा धरावी. गुडइयरच्या ‘एन्ड्युरन्स’सारख्या टायरवर एन असतं. त्याचा अर्थ 87 ने पळवा असा नाही, तर 65 ने जाताना टायर धोक्याइतका तापण्यापासून बराच लांब राहतो असा घ्यायचा. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला कायद्याने 55 मैलांचीच परवानगी आहे. टेक्सासच्या रस्त्यांवर ही शिस्त स्वतःच पाळावी लागते.

हवेबद्दल मोटारीची सवय विसरा. 35 पीएसआयला सरावलेल्या माणसाला 50 म्हणजे दगड वाटतो. ट्रेलरच्या टायरवर जो जास्तीत जास्त दाब छापलेला असतो, तोच टायर थंड असताना भरायचा. 225/75आर15 मध्ये 80 पीएसआयला 2,830 पौंड, 65 ला 2,540 आणि 50 ला 2,150. म्हणजे ई टायर घेऊन त्यात 65 भरली तर पैसे ईचे दिले आणि टायर डीचा वापरला. कमी हवेचा टायर प्रत्येक फेरीला जास्त वाकतो, वाकल्याने तापतो, तापल्याने पट्टे सुटतात. ‘उन्हाळा आहे, थोडी कमी मारू’ हा गावाकडचा सल्ला इथे थेट नुकसान करतो. पेट्रोल पंपावरची नाणी टाकून चालणारी यंत्रं 80 पर्यंत जातीलच असं नाही. ट्रक स्टॉपवर हवा मिळते, पण सोबत 120 पीएसआयचा छोटा कॉम्प्रेसर ठेवलेला बरा. तापमान दहा अंश फॅरेनहाइटने उतरलं की दाब साधारण दोन टक्क्यांनी पडतो. ऑगस्टमध्ये भरलेली हवा दिवाळीला पुरत नाही.

आता चाकं, ज्यांचा विचार सगळ्यात शेवटी होतो. ई टायर घेतला पण रिम 65 पीएसआयचा असेल तर 80 भरता येत नाही. प्रत्येक रिमच्या मागच्या बाजूला त्याची क्षमता पौंडांत ठोकलेली असते, बरेचदा दाबही. चाक काढून ती वाचावी. 225 चा टायर सहा इंच रुंद रिमवर बसतो. 205 च्या पाच इंची रिमवर तो कोंबू नये. नटांची मांडणी एक्सलप्रमाणे ठरते: 3,500 पौंडी एक्सलला साडेचार इंच वर्तुळावर पाच नट, 5,200 पौंडीला साडेपाच इंचावर सहा, 7,000 पौंडीला साडेसहा इंचावर आठ. मोटारीचा रिम भोकांनी जुळला तरी चालत नाही. मोटारीचं चाक बहुधा हबच्या मधल्या कड्यावर बसून मध्यावर येतं, ट्रेलरचं चाक नटांच्या निमुळत्या टोकांवर. शिवाय मोटारीच्या रिमला आत किंवा बाहेर सरक असते, ट्रेलरच्या रिमला बहुधा शून्य. ती सरक बदलली की बेअरिंगवर तिरका भार येतो किंवा टायर चौकटीला घासतो.

स्टील की अॅल्युमिनियम? अॅल्युमिनियम हलकं असतं, गंजत नाही, दिसतंही छान. शिकागो, न्यू जर्सीकडे रस्त्यावर मीठ टाकतात, तिथे त्याला अर्थ आहे. पण फूटपाथच्या कडेवर आपटलं की स्टील वाकतं, अॅल्युमिनियमला चीर जाते. दर वेळी वेगळा स्वयंसेवक चालवणार असेल तर स्टीलच बरं.

रिम बदलताना दहा डॉलरची एक वस्तू हमखास विसरली जाते: वॉल, म्हणजे हवा भरायचा व्हॉल्व्ह. मोटारीचा रबरी वॉल साधारण 65 पीएसआयपर्यंतचा असतो. 80 भरल्यावर तो रिमच्या भोकात ताणलेला राहतो आणि बुडाशी बारीक चिरा पडतात. बोटाने वाकवून बघितलं की त्या चिरा उघडतात. नट लावून कसायचा धातूचा वॉल मागून घ्यावा.

नट कसण्यासाठी टॉर्क रेंच, म्हणजे किती जोराने कसलं ते मोजणारा पाना लागतो, अंदाज चालत नाही. अर्ध्या इंची बोल्टला तीन फेऱ्यांत कसायचं: आधी 20-25 फूट-पौंड, मग 50-60, शेवटी 90-120. दर वेळी समोरासमोरचे नट घ्यायचे. पहिले आटे हातानेच चढवावेत. नव्या रिमवरचा रंग नटाखाली दबून पातळ होतो आणि नट सैल पडतात, म्हणून 10, 25 आणि 50 मैलांनंतर पुन्हा रेंच लावायचा. हा टप्पा टाळला तर चाक निसटून ट्रेलरच्या पुढे पळालेलं दिसू शकतं.

साइझ वाढवण्याआधी पट्टी घ्या. 205/75आर15 चा व्यास सुमारे 27 इंच, 225/75आर15 चा 28 च्या थोडा वर. 33 इंच अंतराच्या एक्सलवर दोन टायरांत पावणेपाच इंच फट उरते, तेवढी पुरते. वर मडगार्डपर्यंत तीनेक इंच मोकळे हवेत, कारण खड्ड्यात एक्सल वर उसळतो.

जन्मतारीख टायरवरच असते. ‘डीओटी’ (अमेरिकेचं वाहतूक खातं) अशी अक्षरं असलेल्या ओळीतले शेवटचे चार आकडे 2324 असतील तर तो 2024 च्या तेविसाव्या आठवड्यातला. कधीकधी ते आकडे आतल्या बाजूलाच असतात, तेव्हा टॉर्च घेऊन खाली सरपटावं लागतं. दुकानात दोन वर्षं पडून असलेला टायर नवा म्हणून घेऊ नका. मंडळाच्या ट्रेलरचे टायर गोटा होऊन बाद होत नाहीत, वयाने बाद होतात. पाच-सहा वर्षांनी खाचा शाबूत असल्या तरी चारही बदलावेत. नक्षीवर हात फिरवून कुठे उंचवटा किंवा फुगा लागला तर त्या चाकावर एक मैलही जाऊ नये. पट्टा सुटला की तो चाबकासारखा फिरतो आणि मडगार्ड, वायरिंग, कधी डब्याचा तळही फाडतो.

प्रवासात दर दीड-दोन तासांनी थांबून इन्फ्रारेड थर्मामीटर चारही टायरांवर आणि हबवर धरा. उन्हाकडची बाजू थोडी गरम लागणारच. एकच टायर बाकीच्या तिघांहून बराच गरम असेल तर हवा बघा. हब गरम असेल तर बेअरिंग किंवा अडकलेला ब्रेक. वॉलवर बसणारे हवेचे सेन्सर घेतले तर मधल्या काळात पिकअपमध्ये सूचना मिळते. चालत्या पिकअपच्या ड्रायव्हरला मागच्या चार चाकांपैकी एकाची हवा गेलेली जाणवतही नाही, उरलेली तीन डबा तोलून धरतात.

स्टेपनी त्याच साइझची, त्याच लोड रेंजची हवी, आणि तिच्यातही 80 पीएसआय. मोटारीचा जॅक ट्रेलरखाली ठेवू नका. दोन एक्सल असल्याने सोपा उपाय आहे: त्याच बाजूच्या जोडीतल्या चांगल्या चाकापुढे जाड लाकडी ठोकळ्यांचा उतार करून ट्रेलर हळूच त्यावर चढवायचा, की पंक्चर झालेलं चाक अधांतरी येतं. नट मात्र त्याआधी, चाक जमिनीवर असतानाच पाव फेरा सैल करून ठेवायचे.