स्केटबोर्डची फळी घरी केली, दुसऱ्यांदा

पहिली फळी माझ्याच वजनाने मोडली. भाचा आठवीत आहे, अंगाने काडी, त्याने दोन महिने निवांत चालवली आणि मी एकदा "दे की बघू" म्हणून चढलो तर आमच्या जुळे सोलापुरातल्या पार्किंगमध्येच कडाड. भाचा काही बोलला नाही, नुसतं माझ्या पोटाकडं बघितलं.

दोन्ही तुकडे घेऊन ओळखीच्या सुतारमामांकडे गेलो. त्यांनी मोडलेली कड उजेडात धरली आणि म्हणाले, "आत पोकळ हाय की हे. घेताना वाजवून बघितला नव्हता का?" खरंच आतल्या थरात करंगळीचं नख जाईल एवढी फट होती, आणि मोडली ती बरोबर तिथंच, पुढच्या ट्रकच्या (चाकं बसवलेला लोखंडी आस) बोल्टांमागं. साधा कमर्शियल प्लाय, 12 मिमीचा एकच तुकडा, स्वस्त मिळाला म्हणून उचललेला. तेव्हापासून दुकानात मी प्लायवर टिचक्या मारत फिरतो, भरीव असला तर टकटक आणि पोकळ असला तर आवाज बसका येतो, दुकानदार वैतागतो पण वैतागू दे.

मला वाटायचं मजबूत म्हणजे जाड, पुढच्या वेळी 18 मिमी घेऊ. पण कंपनीची फळी जेमतेम 11 मिमीच असते बघा. हार्ड मेपल लाकडाचे 7 पातळ थर, त्यातल्या बहुतेक थरांच्या रेषा लांबीत आणि आतले दोन आडवे. सोलापूरकराला हे सांगायला फार कष्ट नकोत, उभे ताणा आणि आडवे बाणा. नुसता ताणा असला तर फळी उभी चिरते, नुसता बाणा असला तर मधोमध मोडते.

मेपल इथं कुठून आणणार, म्हणून 4 मिमीचा मरीन प्लाय, म्हणजे पाण्याला टिकणारा, घेतला, त्यावर आयएस 710 या भारतीय मानकाचा शिक्का बघून. एका शीटमध्येच तीन थर असतात, तीन शीट म्हणजे नऊ झाले. 32 इंच लांब, 8 इंच रुंद, पण कापताना चहूबाजूंनी इंचभर जास्त ठेवलं. वरच्या थराच्या रेषा लांबीतच ठेवायच्या, मग रुंदीत बाक द्यायला प्लाय कुरकुर करत नाही. हा बाक फक्त पाय अडकायला नसतो, सपाट पत्रा वाकतो आणि पन्हाळी पत्रा वाकत नाही, तसंच.

साचा म्हणजे काय, खाली दोन्ही कडांना 12 मिमीच्या पट्ट्या, वर मधोमध एक जाड फळी, आणि मामांचे सहा शिकंजे. पाणी न धरणारा फेविकॉल घेतला होता, पण मे महिन्यात सोलापुरात दुपारी फेविकॉल लावणं म्हणजे येडेपणा, दुसऱ्या शीटला लावेपर्यंत पहिल्यावर साय धरली. मग सगळं पुसलं आणि रात्री दहानंतर गच्चीवर परत मांडलं, शेजारचे अण्णा कठड्यावरून वाकून विचारतात "काय करूलालास बे एवढ्या रात्री?" मी म्हणलं पापड लाटूलालोय.

घाईत एक चूक झालीच. दाब सगळीकडं सारखा बसावा म्हणून वरच्या फळीखाली घडी करून चादर घातली, आपली चांगली जाड सोलापुरी, आणि मधे प्लास्टिक घालायचं विसरलो. दीड दिवसाने शिकंजे सोडले तर कडेनं बाहेर आलेल्या फेविकॉलमध्ये चादर पक्की बसलेली. आई जे बोलली ते इथं लिहीत नाही. बाक 12 मिमीचा दिलेला, सोडल्यावर 8 राहिला. थोडं उलटतंच, ते धरूनच पट्टी घ्यायची.

मग जिगसॉने आकार, कानस, पॉलिश पेपर. ट्रकची भोकं मात्र शांतपणे मारा, मधली रेघ आखून, रुंदीत 41 मिमी आणि लांबीत 54, तिरकी गेली तर बोर्ड कायम एका बाजूला ओढतो. कडांना वार्निशचे तीन हात दिले कारण पाणी शिरतं ते कडेनंच. वरच्या पकडीसाठी चाळून धुतलेली वाळू ओल्या वार्निशवर भुरभुरली. चप्पल खाते, पण पाय सुटत नाही.

बसवायच्या आधी दोन विटांवर ठेवून मी स्वतः उभा राहिलो, मग उड्या मारल्या. किंचित लवली आणि जागेवर आली. भाच्याने तरीही चार विटा जवळ आणून ठेवल्या होत्या, कशासाठी ते विचारलं नाही.

डाव्या कडेला चादरीचे निळे-लाल धागे अजून चिकटलेत. घासून काढणार होतो, पण तो म्हणाला राहू दे मामा, माझा बोर्ड लगेच ओळखू येतो.